समरचं विरजण

आमच्या घरात दोन विरजणं होती. एक स्वयंपाकघरात, दह्याचं. ते माझ्या हातून अधूनमधून हमखास बिघडायचं आणि मग मी निमूट वाटी घेऊन शेजारी जायची. दुसरं गॅरेजमध्ये, लाकडी फळीवर, जाड काचेच्या बरणीत, लालभडक तेलाचं. ते मात्र मी कधी बिघडू दिलं नाही. ते माझ्या नवऱ्याचं होतं.

समरजित लोहार हे नाव कागलच्या माळावर अजून घेतात. कोल्हापुरातल्या रस्त्यावरच्या गाड्या केव्हाच विजेवर गेल्या, पण माळावरच्या शर्यतींत अजून इंजिन गर्जतं आणि ते आपल्याच उसाच्या इथेनॉलवर चालतं. पाव मैलाची सरळ पट्टी, दोन गाड्या, हिरवा दिवा लागला की सुटायचं, आधी पोचेल तो जिंकला. असल्या शर्यतीला डोकं लागत नाही, काळीज लागतं, असं माझे सासरे म्हणायचे. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. समरचं काळीज वाघाचं, त्याने पट्टीवर कधी पाय उचलला नाही, हेही आबाच म्हणायचे, आणि आबा म्हणायचे म्हणून गॅरेजांचं सगळं उद्यमनगर म्हणायचं. असा हा वाघ एका सकाळी स्कूटरवरून कोथिंबीर आणायला गेला आणि मागून आलेल्या टेम्पोने त्याला उडवलं. ताशी अडीचशेने धावणारा माणूस सायकलच्या वेगात गेला. याला काय म्हणायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

मी त्याची बायको, प्रणाली. माहेर रत्नागिरीचं, शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमाचं. आमच्या गॅरेजात इंजिन आबांचं आणि गिअरबॉक्स माझा. समरनंतर गाडीत बसली ती त्याची धाकटी बहीण, ईश्वरी. नणंद-भावजयीचं कुठं जमतं का, असं लोक विचारतात. आमचं जमायचं. ती गाडीत असायची आणि मी गाडीखाली, त्यामुळे भांडायला समोरासमोर यायचे प्रसंगच कमी.

आता त्या लाल तेलाविषयी सांगायला हवं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये क्लच दाबायला पाय नसतो, ते काम तेल करतं. पंप तेलावर दाब आणतो, त्या दाबाने चकत्यांची एक जोडी सुटते, दुसरी घट्ट धरते आणि गिअर बदलतो. पूर्वी केव्हा सोडायचं आणि केव्हा धरायचं हे संगणक ठरवायचा. पण संगणकाने आधी ड्रायव्हरचा पाय मोजायचा, मग विचार करायचा, मग झडप उघडायची, तोवर शेजारची गाडी पुढे गेलेली असायची. त्यावर उपाय म्हणून शिकतं तेल आलं. त्यात केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढे लोहाचे कण असतात. विजेच्या चुंबकाचा झटका बसला की ते कण रांगेत उभे राहतात आणि तेल पापणी लवायच्या आत दाट होतं. इथवर जुनंच होतं. नवं होतं ते कणांवरचं आवरण. तोच झटका त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा बसला की त्या आवरणात खूण उरते, आणि पुढच्या वेळी कण हुकमाची वाट न बघता आधीच रांगेला लागतात. माळावर रोज त्याच जागेवरून माणसं गेली की गवत मरून पायवाट पडते, तसंच. ड्रायव्हर कुठे जोर देतो, कुठे आवरतो, हे सगळं तेलाला पाठ होतं.

कंपनीने तेल विकताना एक गोष्ट सांगितली नव्हती, कारण तिलाच ती ठाऊक नव्हती. तेल बदललं की शिकलेलं सगळं जातं आणि नव्याला शिकवायला अर्धा हंगाम खर्ची पडतो. उद्यमनगरात कुणीतरी जुन्यातलं वाटीभर तेल नव्याच्या डब्यात घालून रात्रभर उबेला ठेवलं. सकाळपर्यंत जुन्या कणांनी नव्या कणांना वळण लावलं होतं. नुसतं चमचाभर जुनं असलं तरी पुरतं. याला विरजण नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? आता पुण्याचे शास्त्रज्ञही आपल्या निबंधात तोच शब्द लिहितात. आणि विरजणासारखंच ते जपावंही लागतं. बरणीत नुसतं ठेवलं तर कण तळाला बसून गोळा होतात आणि सगळं विसरतात, म्हणून अधूनमधून गाडीत फिरवून परत भरून घ्यायचं.

समर गेल्यावर मी दुसरं काही केलं नाही, एवढंच केलं. तेल जेवढं कमी होईल तेवढं नवं घालायचं, पण आधी त्याला समरचं विरजण लावून. सीटवर ईश्वरी बसायची, पण गाडी समरसारखी सुटायची. पहिल्यांदा पट्टीवरून परत आली तेव्हा हेल्मेट काढायच्या आधीच ती रडत होती.

"वहिनी, दादा हाय आत," ती म्हणाली. "तिसऱ्या गिअरला जरासा थांबतोय बघ. मला सांभाळालाय."

आबांनी हे ऐकलं आणि त्या दिवसापासून सकाळचा चहा ते गाडीशेजारी उभं राहून प्यायला लागले. खंडेनवमीला त्यांनी हत्यारांबरोबर त्या बरणीलाही झेंडूचं फूल वाहिलं. मला हसू आलं नाही. मीही रोज फळीवरची ती बरणी पुसून ठेवत होतेच की.

या हंगामात गळती सुरू झाली. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात, तिथून खाली लाल थेंब पडायला लागले. पंपाचं पुढचं सील, तेल अडवणारं रबरी कडं, गेलं असणार असं वाटून मी गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं, परत चढवला. एका फेरीत गळती पुन्हा हजर. मग मी शाफ्टवर चरा पडलाय का ते नखाने तपासलं, त्याला धरणारं बुश बदललं, हवा जायची नळी तुंबलीय का पाहिलं. सगळं स्वच्छ पुसून टाल्कम पावडर मारली, म्हणजे तेल नेमकं कुठून येतं ते पांढऱ्यावर लाल उमटून दिसतं. ते सीलच्या ओठातूनच येत होतं आणि सील तर कोरं करकरीत होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार चालला होता, फक्त रेडा कोण ते मला सापडत नव्हतं.

गळती म्हणजे नुसता डाग नसतो. पूर्ण वेगात ते तेल वाऱ्याने मागच्या चाकाखाली येतं आणि मग गाडी पट्टीवर राहत नाही. सरावाच्या दिवशी तेच झालं. ईश्वरी तिसऱ्यात गेली आणि गाडी पट्टीच्या कडेच्या भिंतीकडे अशी सरकली की मी हातातला पाना टाकून धावले. भिंत हातभर राहिली असेल. ती मनगट मुरगळून, हसत बाहेर आली.

"मी कुठं भ्यालो?" म्हणाली. कोल्हापूरच्या पोरी स्वतःला असंच म्हणतात, मी आलो, मी गेलो. माझ्या आईला पहिल्यांदा ते ऐकून हसू आवरलं नव्हतं. त्या दिवशी मला ते ऐकून रडू आलं.

मी गिअरबॉक्सला दाबमापक लावला. ईश्वरीच्या फेऱ्यांच्या दाबाची नोंदही गाडीत होतीच, ती काढून पाहिली. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दाबाचा एक सुळका उठत होता, नेहमीच्या दुप्पट. तोच तेलाला सीलबाहेर ढकलत होता. पण तो सुळका का उठतो, हे आलेख सांगत नाही. गाडी जॅकवर चढवून चाकं फिरवली तर तो उठायचाच नाही. दुसऱ्या कुणी चालवून बघायला हवं होतं. डॉक्टरांनी ईश्वरीला रविवारच्या शर्यतीपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं बजावलं होतं आणि आबांची नजर आता साथ देत नव्हती. राहिले मी. रस्त्यावर ऐंशीच्या वर काटा गेला की मी देवाचं नाव घेते. ईश्वरीने हसत हसत एका हाताने माझे पट्टे आवळले आणि सांगितलं, की वहिनी, डोळे तेवढे उघडे ठेव.

मी सुटले. पहिला गिअर कधी गेला कळलं नाही. दुसऱ्यात माळ दोन्ही बाजूंनी पुसला गेला. तिसरा पडायच्या आधी माझा पाय आपोआप जरासा उचलला गेला. त्याच क्षणी गाडीनेही दम घेतला. धक्का नाही, ओढाताण नाही. मी भ्याले आणि गाडी माझ्याबरोबर भ्याली. मग आम्ही दोघांनी मिळून पाय परत टेकवला.

पट्टीच्या टोकाला गाडी थांबवून मी आलेख पाहिला. दाबाची रेघ सपाट होती. नंतर खाली जाऊन पाहिलं, तर पावडर पांढरीच्या पांढरी.

मला कळलं होतं. तेल कधी खोटं बोलत नाही, त्याला ती अक्कलच नसते. समर प्रत्येक वेळी, प्रत्येक शर्यतीत, तिसऱ्याच्या तोंडावर पाय उचलत होता. इतका थोडा, इतका क्षणभर, की भिंतीपाशी उभ्या असलेल्या कुणाला कधी दिसलं नाही. तेलाला ते पाठ झालं होतं. तो पाय उचलेल या भरवशावर ते दुसऱ्या गिअरच्या चकत्या क्षणभर धरून ठेवायचं. ईश्वरीचा पाय उचलला जायचाच नाही. तिच्या पायाने चुंबकाचा झटका पुरा बसायचा, तिसऱ्याच्या चकत्याही धरायच्या, आणि दोन्ही गिअर एकदम लागून आतल्या आत एकमेकांना ओढायचे. दाब चढायचा तो तिथे. पोरगी दिवसेंदिवस धीट होत होती, म्हणून गळती वाढत होती. ती सीलमध्ये नव्हतीच. ती भावाच्या भीतीत आणि बहिणीच्या धिटाईत होती, आणि प्रत्येक गळतीनंतर मी विरजण लावून ती भीती परत आत भरत होते.

आधी मला राग आला. इतकी वर्षं एका ताटात जेवलो आणि हे त्याने मला नाही सांगितलं, तेलाला सांगितलं. मग वाटलं, कुणाला सांगणार होता? घरात वाघ म्हणून वाढवलेल्या माणसाने कुठल्या तोंडाने म्हणायचं, की मला तिथे भीती वाटते? शर्यतीच्या आदल्या दिवशी तो जेवायचा नाही. पोट हलकं असलेलं बरं, म्हणायचा. मी ते खरं मानलं. माझ्या जवळ झोपलेला माणूस भीत होता आणि मी त्याचं ताट झाकून ठेवत होते. तो जिवंत असता तर मी त्याला आधी बदडलं असतं आणि मग पोटाशी धरलं असतं.

ईश्वरी धावत आली, कसं वाटलं विचारायला. मी तिला सहज म्हणावं तसं म्हणाले, की तिसऱ्याला पाय जरा उचलत जा, गळती थांबेल.

"दादानं कधी उचलला?" ती हसली. "मी उचलला तर आबा घरात घेतील का मला?"

तो मार्ग तिथेच संपला. उरले दोन. तेल सगळं काढून टाकायचं, धुऊन, विरजणासकट, म्हणजे गाडी नव्याने ईश्वरीकडून शिकेल. किंवा काहीच न करता रविवारी तिला त्या भिंतीशेजारून सोडायचं. पण तेल काढायचं तर कारण सांगावं लागणार होतं. संध्याकाळी गॅरेजात विषय काढून पाहिला तेव्हा ईश्वरी म्हणालीच, की सील बदल, केसिंग बदल, वाट्टेल ते बदल, तेल न्हाई. आणि आबांचा हात बरणीच्या दिशेने गेला.

खरं सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. आबा मेकॅनिक आहेत, आलेख समोर ठेवला असता तर त्यांना मान्य करावाच लागला असता. आणि मग ते चहाच्या टपरीवर काय सांगणार होते? म्हातारपणी त्या माणसाकडे एकच वाक्य उरलं होतं, माझ्या पोरानं कधी पाय उचलला न्हाई. पोरगा गेला होता, ते वाक्य राहिलं होतं. ते मी काढून घ्यायचं? आणि समरने जे जन्मभर लपवलं, ते त्याच्या माघारी मी चव्हाट्यावर मांडायचं? मला ते जमलं नाही. मी रात्रभर दुसरं कारण शोधत राहिले आणि सकाळी ते मला सापडलं.

आबा चहा घेऊन गाडीशेजारी उभे होते. ईश्वरी मनगटाला पट्टी बांधून दाराशी बसली होती.

"आबा, मला हे तेल काढून टाकायचंय," मी म्हणाले. "सगळं. बरणीतलंसुद्धा."

"गळतीसाठी? त्यानं काय हुणार हाय?"

"गळतीसाठी नाही. माझ्यासाठी." माझा आवाज मलाच परका वाटला. "रोज या गाडीखाली जाऊन त्याच्यापाशी पडते मी. मला आता यातून मोकळं व्हायचंय."

आबांनी कप बॉनेटवर ठेवला. गाडीवर त्यांनी कधी कप ठेवला नव्हता.

"कोण हाय का?" त्यांनी विचारलं.

कोण असणार होतं? गाडीखालच्या बाईला कोण भेटतं? पण मी नाही म्हटलं नाही. मान खाली घातली आणि गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा जो अर्थ व्हायचा तो झाला. ईश्वरी दाराशी उठून उभी राहिली आणि आत निघून गेली.

आबांनी गाडीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "तुझं वय हाय, बाई. मी आडवा येणार न्हाई. गिअरबॉक्स तुझा, तू बघ." आणि दाराकडे वळता वळता थांबले. "एक वाटी ठिव. माझ्यापुरती."

एक वाटी. मी त्यांना ओळखत होते. एखाद्या दुपारी लेकीच्या काळजीने, लेकाच्या आठवणीने, ते त्यातला एक चमचा गाडीत घालणार होते. एक चमचा पुरतो.

"नाही, आबा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि बाहेर गेले. कप तिथेच राहिला.

मी गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनचे बोल्ट सैल केले. लालभडक तेल एकसारख्या धारेने खालच्या ट्रेमध्ये उतरलं. बरणीतलंही त्यातच ओतलं. चकत्या एकेक सुट्या करून धुतल्या, नळ्या धुतल्या, पंप धुतला, पुन्हा एकदा सगळं धुतलं. हात काम करत होते आणि मी मोठ्याने रडत होते, कारण ऐकायला कुणी नव्हतं. ते तेल नदीत सोडता येत नाही, जमिनीत ओतता येत नाही. औद्योगिक वसाहतीत त्याची भट्टी आहे, तिथे ते तापवलं की कणांवरच्या खुणा जळून जातात आणि लोह पुन्हा कोरं होऊन कंपनीला जातं. कॅन घेऊन मीच गेले. तिथल्या माणसाने तो उचलून इतरांच्या तेलात रिकामा केला, तेव्हा कुठलं समरचं आणि कुठलं कुणाचं ते मला ओळखता आलं नाही. स्मशानात निदान शेवटपर्यंत कळत तरी होतं.

रविवारी ईश्वरी हरली. कोरं तेल तिला ओळखत नव्हतं, गाडी नवख्या घोड्यासारखी अडखळत गेली. परत आल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "गळती न्हाई. झालं तुमच्या मनासारखं." इतकी वर्षं मला तू म्हणणारी पोरगी. तो शब्द हरण्यापेक्षा जास्त लागला.

महिनाभराने मी घर सोडलं. उद्यमनगरातच एक खोली घेतली, कारण गिअरबॉक्स सोडता येत नव्हता आणि आबांनीही येऊ नको म्हटलं नाही. लोक त्या माणसाची वाट बघत आहेत, ज्याच्यासाठी मी नवऱ्याचं विरजण फेकलं. अजून तो आला नाही, म्हणून जरा हिरमुसले आहेत.

तेल मात्र शिकत गेलं. हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत ईश्वरीने समरचा सगळ्यात चांगला वेळ मागे टाकला. गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी गेली, की मधे काही आहे हे कळलंच नाही. आबा भिंतीपाशी माझ्यापासून थोडं लांब उभे होते. सगळा माळ ओरडत असताना ते हळूहळू माझ्याजवळ आले. कित्येक महिन्यांनी ते आपण होऊन माझ्याशी बोलले.

"समरचीच बहीण," ते म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "त्यानं बी कधी पाय उचलला न्हाई."

"नाही, आबा," मी म्हणाले. "कधीच नाही."

पुढच्या फेरीसाठी ईश्वरी रेघेवर आली. हिरवा दिवा लागला. पहिला गेला, दुसरा गेला, आणि तिसऱ्याच्या तोंडावर माझा पाय जमिनीवरून जरासा उचलला गेला, तो नेहमी तिथेच उचलला जातो. आता त्या गाडीत तिथे कुणी भीत नाही. भिंतीपाशी मी एकटी भिते.